‘कुणीतरी’ म्हणायचं नाही

शालन कांबळे बाईंविषयी लिहायचं मी बारा-तेरा वर्षं टाळत आलो. शाळेच्या स्मरणिकेसाठी दोनदा लेख मागितला गेला. दोन्ही वेळा मी डोळ्याच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं. ऑपरेशन एकदाच झालं होतं.

गेल्या महिन्यात बाई आजऱ्यात बहिणीच्या घरी वारल्या. कोल्हापुरात शोकसभा झाली. एका वक्त्यानं सांगितलं, की बाईंनी जिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं तिनंच त्यांचा घात केला. माणसं हळहळली. मी त्यांचा त्या वेळचा मुख्याध्यापक, म्हणून पहिल्या रांगेत होतो. ते वाक्य खोटं आहे हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं. मी उठलो नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी हे लिहायला बसलो.

बाई आमच्या हायस्कूलमध्ये पीटी शिकवायच्या. उंची बेताची, खांदे रुंद, पदर कमरेला घट्ट खोचलेला, गळ्यात शिट्टी. मैदानावरून त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की वरच्या मजल्यावर गणिताच्या तासाला बसलेली मुलंही उठून उभी राहायची. गळ्यात मंगळसूत्र का नाही, असं नव्या आलेल्या एका शिक्षिकेनं एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, “लगीन केलतं की. त्यानं हात उचलला, मी पण उचलला. माझा जड हुता.”

बाई मुलांना मारायच्या. हे आधी सांगतो, कारण शोकसभेत कुणी सांगितलं नाही. कवायतीला पाय चुकला की पोटरीवर छडी. कबड्डीत पाय मागे घेणाऱ्या मुलीच्या पाठीत धपाटा. “बाहेर ह्याच्यापेक्षा जोरात बसतंय, सवय करा,” असं त्या म्हणायच्या, आणि आम्ही शिक्षक हसायचो. ज्या मुलांना बसायचं त्यातली बहुतेक वस्तीवरची, पालावरची असायची, कारण खेळाला तीच यायची.

मारणं सुटलं ते लक्ष्मीमुळे. लक्ष्मी डोंबाऱ्याची. लहानपणी दोरीवर चाललेली, म्हणून तोल असा की चढाईला गेली तर चारजणींच्या हाती लागायची नाही. नववीत होती. एकदा सरावाला अर्धा तास उशिरा आली. बाईंनी सगळ्यांसमोर तिच्या कानशिलात दिली. मी व्हरांड्यात उभा होतो, आवाज तिथवर आला. लक्ष्मीची मान हलली नाही. डोळेही मिटले नाहीत. तिनं फक्त दुसरा गाल थोडा पुढे केला, बस कंडक्टरपुढे पास धरावा तसा.

बाईंचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी विचारलं, “कोण कोण मारतं गं तुला?”

लक्ष्मीला वाटलं, हा पण एक प्रश्नच आहे, उत्तर दिलं पाहिजे. तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. बाप. चुलता. पालाशेजारचा पानपट्टीवाला. मागच्या गावच्या शाळेतले गुरुजी. चौकीतला हवालदार. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा ती बाईंकडे बघून म्हणाली, “आन् तुमी.”

त्या दिवसानंतर बाईंनी छडी हातात घेतली नाही. त्या दिवाळीच्या सुटीत त्यांनी एक संमेलन सुरू केलं.

संमेलनाला नाव नव्हतं. मुलं ‘बाईंचं संमेलन’ म्हणायची. नववी-दहावीतली मुलं-मुली, सगळी महारवाड्यातली, मांगवाड्यातली, वडारांची, डोंबाऱ्यांची, नंदीवाल्यांची. शिरोळकडून, आजऱ्याहून, पार चंदगडहून एसटीनं यायची. आमच्या शाळेच्या जुन्या कौलारू हॉलमध्ये दोन दिवस राहायची. हॉल संस्थेचा, त्यामुळे परवानगीच्या अर्जावर मुख्याध्यापक म्हणून माझी सही लागायची. सही करता करता मी त्यात ओढला गेलो, आणि बाईंनी मला इतिवृत्त लिहायला बसवलं. “तुमचं अक्षर चांगलं हाय, सर. दुसरा काय उपेग न्हाय तुमचा,” असं म्हणून.

रीत अशी. व्यासपीठ नाही, खुर्ची नाही, पाहुणा नाही. मुलं भिंतीला पाठ लावून गोल बसायची. एकेकानं उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि आपल्याला कुणी काय केलं ते सांगायचं. नियम एकच होता. ‘कुणीतरी’ म्हणायचं नाही. एखादा मुलगा म्हणायचा, “आम्हाला कुणीतरी विहिरीवरनं हाकललं,” की बाई मागून ओरडायच्या, “कुणीतरी कोण? त्येला आईबापानं नाव ठेवलं न्हाय काय?” मुलगा खाली बघायचा. बाई थांबायच्या. पाच मिनिटं थांबावं लागलं तरी थांबायच्या. शेवटी नाव यायचं. नाव आलं की मुलाचे खांदे खाली यायचे. ते मी दरवर्षी पाहिलं.

टाळ्या वाजवायच्या नाहीत. रडायचं असेल तर बोलून झाल्यावर. बाई सगळा वेळ दाराजवळ हात काखेत दाबून उभ्या असायच्या. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, “मोकळं ठेवलं तर आत्ताच्या आत्ता एसटीत बसून कुणाचा तरी गळा धरायला जातील.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. तालुक्याच्या स्पर्धेत बाईंनी एका गावच्या पुढाऱ्याची मुलगी संघातून वगळली आणि तिच्या जागी वडाराची मुलगी घेतली, तेव्हा तो पुढारी धोतर सावरत थेट मैदानात आला. त्यानं आधी बाईंची जात काढली, मग त्या मुलीच्या आईची. मग त्या मुलीला मारायला पाय उचलला. बाई खाली बसलेल्याच होत्या, रेषेपाशी. त्यांनी कबड्डीत धरतात तसा त्याचा घोटा धरला आणि ओढला. नव्वद किलोचा माणूस तोंडावर पडला. दात तुटला, माती रक्तानं भिजली. लोक धावले. बाईंनी तो दात शोधला, गुणपत्रिकेच्या कागदात बांधला आणि त्याच्या हातात दिला. “घ्या पावणं, तुमचं राहिलं.” मग शिट्टी मारून खेळ पुन्हा सुरू केला. तक्रार झाली, चौकशी झाली. चौकशी अधिकारी मी होतो. ‘पाय घसरून अपघात’ असा शेरा मी मारला. माझ्या नोकरीतलं तेवढं एकच धाडस, आणि तेही खोटं लिहून केलेलं.

माझ्याविषयी बाईंचं मत स्वच्छ होतं. संमेलनात प्रत्येक मूल घरून भाकरी आणायचं, त्या सगळ्या एका मोठ्या टोपलीत एकत्र करायच्या आणि हाताला येईल ती खायची. पहिल्या वर्षी टोपली माझ्यापुढे आली तेव्हा मी म्हणालो, “माझा उपास आहे.”

“कसला हो?”

“मंगळवारचा.”

“आज बुधवार हाय, सर.”

मुलं हसली नाहीत, तेच मला जास्त लागलं. बाईंनी टोपली पुढे सरकवली. संध्याकाळी फाटकाशी म्हणाल्या, “तुमी भित्रं हाय. पण लबाड न्हाय. तेवढं बास मला.” पुढच्या वर्षी मी भाकरी खाल्ली. पण बाईंचं ते वाक्य मला ढालीसारखं झालं. पुढे जे झालं त्यात त्यांनी माझ्यावर कधी संशय घेतला नाही, तो या वाक्यामुळे.

पाचवं संमेलन. लक्ष्मी तोवर शाळा संपवून कॉलेजात गेली होती, बाईंच्याच घरी राहत होती, संमेलनाची सगळी धावपळ तीच करायची. त्या वर्षी आमच्याच शाळेतली, वसतिगृहात राहणारी सुरेखा पहिल्यांदा उभी राहिली. दहावीतली, शिरोळ तालुक्यातली, मांगवाड्यातली. अबोल मुलगी. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि एका दमात बोलली.

पूर आला तेव्हा गावातल्या माणसांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाहेर काढत होते. त्यांच्या वस्तीकडे ट्रॉली शेवटी आली आणि भरलेलीच आली. तिच्या आज्यानं तिला वर ढकललं आणि स्वतः ट्रॉलीची फळी धरली. ट्रॅक्टरवाला मागे आला. हात सोड म्हणाला. आज्यानं सोडला नाही, कारण पाणी छातीला होतं. ट्रॅक्टरवाल्यानं पेटीतला पाना काढला आणि आज्याच्या बोटांवर मारला. आधी उजव्या, मग डाव्या. “डाव्या हातावर तीनदा मारला,” सुरेखा म्हणाली. आजा तिसऱ्या दिवशी उसात सापडला. कागदावर ‘बुडून मृत्यू’ लागलं.

बाईंनी विचारलं, “कोण?”

सुरेखानं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

ते नाव मला माहीत होतं. आमच्या संस्थेच्या चेअरमनांचा तो मेहुणा.

संध्याकाळी बाई इतिवृत्त घ्यायला आल्या. मी वही दिली. त्यांनी ती पदराखाली धरली. “सर, आठ दिवस कुठं बोलू नका. पोरीच्या आईला आधी सांगते, तिला इकडं आणते, मग दोघींस्नी घेऊन सरळ एसपी हापिसात जाते. आधी कळलं तर जिवंत ठिवणार न्हाईत.”

मी म्हणालो, “माझ्याकडून नाही कळायचं.”

सोमवारी चेअरमनांचा फोन आला. नेहमीचाच. “सर, झालं काय संमेलन? पोरं काय बोलत्यात तितं? हॉल आपला, उद्या काय झालं तर उत्तर आपल्याला द्यायचं. एक प्रत पाठवा की.”

इथे माझ्या सवयीविषयी सांगायला हवं. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावरून एकही कागद वर प्रत न जाता गेला नव्हता. ‘माहितीसाठी सविनय सादर’ हे शब्द माझा हात न बघता लिहायचा. पण सवयीच्या आड मी लपणार नाही. माझ्या मुलाच्या नेमणुकीची फाईल त्याच आठवड्यात चेअरमनांच्या सहीला गेली होती. आणि तिसरंही एक होतं, ते सांगायची सगळ्यात लाज वाटते. माझं इतिवृत्त सविस्तर असतं असं चेअरमन नेहमी म्हणायचे. वही बाईंकडे गेली होती, पण मला सगळं शब्दन् शब्द आठवत होतं. मी नावं गाळू शकलो असतो. ‘एका विद्यार्थिनीने पूरकाळातील अनुभव कथन केला’ एवढं लिहून भागलं असतं. मी बसून चार पानं लिहिली. सुरेखाचं नाव, गाव, वसतिगृह, पाना, उजवा हात, डावा हात, तीनदा. खाली सही केली आणि बंद पाकीट स्वतः नेऊन दिलं.

शनिवारी सकाळची शाळा होती. बाई मैदानावर मुलींची कवायत घेत होत्या. फाटकातून जीप आत आली, पाच माणसं उतरली. दोघांच्या हातात पाइप होते, एकाकडे उसाचा कोयता. बाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी एक लांब शिट्टी दिली आणि हॉलकडे बोट केलं. साठ मुली धावत आत गेल्या. बाईंनी बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली वर कौलांवर फेकली. कौलांवरून ती घरंगळत गेली आणि मध्येच कुठेतरी अडकली. तो आवाज मला ऑफिसात ऐकू आला.

“सुरेखा कोण हाय त्यातली?” एकानं विचारलं.

“मीच,” बाई म्हणाल्या.

“ए म्हातारे, किल्ली काढ.”

“वर हाय. चढ की. पडलास तर झेलते.”

पहिला पाइप खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं मला खिडकीतून कळलं, कारण हात एकदम लोंबला. बाईंनी दुसऱ्या हातानं त्या माणसाची गचांडी धरली आणि आपलं कपाळ त्याच्या नाकावर आपटलं. तो बसला. मग चौघं एकदम आले. दुसरा पाइप डाव्या कानावर बसला. बाई दाराला टेकल्या, पण खाली बसल्या नाहीत. जबड्यावर लाथ बसली तेव्हा बसल्या, आणि बसल्यावरही दाराला पाठ लावून दोन्ही पाय पसरले, की दार उघडायचं तर आधी त्यांना हलवावं लागेल. आत मुली किंचाळत होत्या. एकजण कोयत्यानं कडीवर घाव घालत होता, आणि चुकलेला प्रत्येक घाव बाईंच्या दंडावर येत होता.

माझ्यापुढे फोन होता. मी तो उचलला आणि चेअरमनांना लावला. पोलिसांना नाही. “साहेब, माणसं आलीत,” म्हणालो. पलीकडून “बघतो” असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. पोलिसांना शिपायानं मागच्या दुकानातून फोन केला. जीप निघून गेल्यावर बऱ्याच वेळानं ते आले. मैदान ओलांडून मी त्यांच्याही नंतर गेलो.

कडी तुटली नव्हती. मुलींना खरचटलंही नव्हतं.

त्याच दुपारी सुरेखाची आई आली. तिचं डोकं फुटलेलं होतं. जीप आधी तिच्याकडे जाऊन आली होती. ती मुलीला घेऊन गेली. जबाब द्यायला दोघींनी नकार दिला. दोन महिन्यांत सुरेखाचं सीमेपलीकडे कर्नाटकात लग्न लावल्याचं कळलं. दहावीचा फॉर्म भरलेला होता, परीक्षेला ती बसली नाही. आज्याच्या बोटांची गोष्ट पुढे कधीच कुठल्या कचेरीत गेली नाही.

मी आठव्या दिवशी मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो. बाईंचा जबडा तारांनी बांधलेला होता. डाव्या कानाचा पडदा कायमचा गेला होता. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून उशाशी पाटी होती. लक्ष्मी त्यांच्या पायांना तेल लावत होती. तेवढ्यात बाईंनी पाटी घेतली, लिहिलं आणि लक्ष्मीपुढे धरली. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो, मला वाचता आलं. ‘वही माझ्या कपाटात. पोरं गावाला गेली होती. घरात तूच. कुणाला बोललीस?’

“न्हाय बाई,” लक्ष्मी म्हणाली. “आईशप्पथ कुणाला न्हाय.”

बाईंनी पाटीवर पुन्हा बोट ठेवलं. कुणाला. लक्ष्मी रडायला लागली नाही. ती फक्त म्हणत राहिली, न्हाय बाई. बाईंनी प्लास्टर घातलेला हात उचलला आणि तिच्या तोंडावर मारला. ओठ फाटला. लक्ष्मीनं डोळे मिटले नाहीत. तिनं तेलाची बाटली झाकण लावून कट्ट्यावर ठेवली आणि ती गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मोसंब्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

लक्ष्मीनं काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

संमेलन बंद झालं. चेअरमनांनी महिन्याभरानं मला बोलावून चहा दिला. “तुमचा अहवाल चांगला हुता, सर. सविस्तर,” एवढंच म्हणाले. मुलाची नेमणूक झाली. तो अजून तिथेच शिकवतो. त्याला हे ठाऊक नाही, आता कळेल. बाई निवृत्तीपर्यंत शाळेत राहिल्या, पण शिट्टी दुसऱ्याकडे दिली आणि वाचनालयात बसायला लागल्या. मुलं त्यांच्याजवळ जाऊन काही सांगायला लागली तर म्हणायच्या, “मला सांगू नगंस बाळा. माझ्याजवळ ठिवलेलं ऱ्हात न्हाय.”

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात. मी सावंतवाडीला पुतणीकडे निघालो होतो. आजऱ्यावरून जाणारी एसटी होती. तिघांच्या बाकावर मध्ये बाई बसल्या होत्या. खिडकीकडून ऊन येत होतं म्हणून त्या जागेवर त्यांनी पिशवी ठेवली होती. केस पूर्ण पांढरे, खांदा एका बाजूला उतरलेला, जबडा वाकडा. “या सर, बसा की,” म्हणाल्या. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो.

निपाणीपर्यंत त्या एकट्याच बोलल्या. बहिणीची सून, काजूचा यंदाचा मोहर, गुडघे. मग म्हणाल्या, “लक्ष्मी कुटं दिसली काय तुम्हास्नी?”

मी नकारार्थी मान हलवली.

“त्या पोरीनं असं का केलं, मला अजून उमगत न्हाय. मी मारलं म्हणून असंल. पयल्यांदा मारलेलं, त्येचं.” त्या समोरच्या बाकाच्या दांडीकडे बघत होत्या. “तिला विचारायचं हाय एकदा. रागानं न्हाय. नुसतं विचारायचं हाय.”

गाडी घाट चढत होती. इंजिनचा आवाज मोठा होता. मी बोलायला लागलो. सगळं बोललो. चेअरमनांचा फोन, चार पानं, पाकीट, मुलाची फाईल. म्हणालो, बाई, लक्ष्मी नाही, मी. म्हणालो, ती तुमच्या पायांना तेल लावत होती तेव्हा मी तिथे उभा होतो आणि मला ठाऊक होतं. म्हणालो, मला माफ करा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळे शब्द ओळीनं आले, कुठे अडखळलो नाही. कारण मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो, आणि तो कान गेलेला आहे हे मला ठाऊक होतं.

माझे ओठ हललेले त्यांना दिसले असावेत. त्या पूर्ण माझ्याकडे वळल्या. “काय म्हणालासा? ह्या कानानं येत न्हाय मला.” त्यांनी खिडकीजवळची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि रिकाम्या जागेवर हात थापटला. “इकडं या की, ह्या बाजूला. नीट सांगा.”

“काही नाही,” मी म्हणालो. “उत्तूर आलं, म्हटलं.”

“व्हय, आलं की,” बाई म्हणाल्या, आणि बाहेर बघायला लागल्या. पिशवी त्यांनी परत खाली ठेवली नाही. ती जागा आजऱ्यापर्यंत रिकामीच होती.